हँडल आणि हवेली

मोटारसायकलचं हँडल गाडी वळवण्यासाठी असतं असा माझा बरीच वर्षं समज होता. वळवणं हे त्याचं जोडकाम झालं. मुख्य काम वेगळंच: गाडीवर कोण बसलंय हे समोरून येणाऱ्याला लांबूनच कळवणं. हँडल आखूड आणि खाली असलं की माणूस पुढे वाकतो, आणि वाकलेल्या माणसाला कुठेतरी वेळेत पोचायचंय हे जग धरून चालतं. मध्यम उंचीचं हँडल धरणारा नोकरदार. त्याला पोचायचं नसतं, पण पोचावं लागतं. आणि हँडल उंच, लांब, मागे वळलेलं असलं की त्या माणसाला कुठेच जायचं नसतं. तो घरातून निघाला हेच इतरांनी पुष्कळ समजायचं. या तिसऱ्या जातीच्या गाडीला क्रूझर म्हणतात. चाळिशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या, अकाउंट्समध्ये दिवसभर जीएसटीची जुळणी करणाऱ्या माणसाने ती का घेतली, हा विषय आमच्या घरात सविस्तर झालेला आहे. इथे पुन्हा नको.

गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नाही. ती ज्या हातांसाठी बनवली ते हात कुठल्यातरी सहा फुटी माणसाच्या खांद्यांना असणार. सरळ रस्त्यावर हे कळत नसे. कळायचं वापी रोडवर यू-टर्न घेताना. उजवीकडे पूर्ण वळवलं की उजवी मूठ पोटात शिरायची आणि डावी मूठ हाताबाहेर जायची. क्लच नेमका डाव्या मुठीला असतो. त्यामुळे वळणाच्या ऐन मध्यावर क्लच सुटलेला, एक्सलेटरवर पोटाचा दाब, आणि मी कमरेत वाकून डाव्या मुठीच्या मागे लागलेलो. समोर थांबलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला वाटायचं, काका नमस्कार करताहेत. काही सज्जन ड्रायव्हर उलट नमस्कारही करत.

त्यात करंगळी बधिर होऊ लागली. डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला, गाडी कोणती ते विचारलं आणि म्हणाले, "हँडल बदलून बघा." औषध दिलं नाही. फी घेतली.

एवढ्याशा सल्ल्यावर दुसऱ्या एखाद्या गावात शनिवारी दुपारी काम उरकलं असतं. पण मी राहतो नगर हवेलीतल्या सिल्वासात.

सिल्वासात यंत्रातलं काही कळत नाही असा माणूस शोधून सापडत नाही, आणि सापडलाच तर तो मी. करसवलतींच्या दिवसांत इथे सूत, प्लास्टिक, केबल, पाइप असलं काय काय बनवणारे कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग जळगाव-नाशिकपासून बिहार-ओडिशापर्यंतची माणसं आली. इथे माणसाला आडनावाने कोणी ओळखत नाही, खात्याने ओळखतात. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर क्वालिटी राहते, पहिल्या मजल्यावर मेंटेनन्स, आमच्या समोरच्या दारात पर्चेस आणि टेरेसखाली सेफ्टी. या सगळ्यांच्या घरी व्हर्नियर कॅलिपर आहे. आमच्याकडे कॅल्क्युलेटर आहे.

चहाच्या टपरीवर मी सहज म्हटलं, "हँडल बदलायचंय." तिथून पुढे ते हँडल माझं राहिलं नाही.

"व्यास किती?" क्वालिटीने विचारलं.

"कशाचा?"

"हँडलच्या पाइपचा. बावीस, पंचवीस पॉइंट चार, की अठ्ठावीस पॉइंट सहा?"

मला वाटत होतं हँडल म्हणजे हँडल. तर ते तसं नसतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा पाइप २२ मिलिमीटरचा. अमेरिकन क्रूझरवाल्यांना सगळं एक इंच लागतं, म्हणून त्यांचा २५.४. आणि मधे जाड, टोकांना बारीक होत जाणारा तिसरा एक असतो, तो मधे २८.६. तिन्ही जगात आहेत, तिन्ही चांगले आहेत, आणि एकाच्या क्लॅम्पमध्ये दुसरा बसत नाही. क्वालिटीने तिथेच व्हर्नियर काढून माझं हँडल मोजलं. नंतर चहाचा ग्लासही मोजला. ग्लास पहिल्यापेक्षा लहान झालाय हे त्याने टपरीवाल्याला पुराव्यानिशी दाखवलं, आणि तो विषय हँडलपेक्षा जास्त वेळ चालला.

मेंटेनन्सला नवीन वस्तू विकत घेणं हा स्वतःचा अपमान वाटतो. "बदलायचं कशाला? पाइप आणून द्या, वाकवून देतो. रात्रपाळीला बेंडिंग मशीन रिकामंच असतं."

"किती वाकवाल?"

"तुम्ही म्हणाल तेवढं."

"पण मला किती हवंय हेच मला कळत नाहीये."

"मग थोडं थोडं वाकवत जाऊ. बरं वाटलं की सांगा."

पर्चेसने तीन कोटेशन मागवायला सांगितली. मी म्हटलं, अहो, स्वतःच्या गाडीला स्वतःच्या पैशाने हँडल घेतोय. ते म्हणाले, म्हणूनच तर. कंपनीच्या पैशाने घेताना चूक झाली तर कंपनीचं नुकसान. त्यांनी रात्री तुलनेचा तक्ता करून व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्यात दर होता, कर होता, वाहतूक होती, उधारीचे दिवस होते. मी विचारलं, "हात कितपत दुखतील, तो रकाना कुठाय?" तर म्हणाले, "तो आपल्या फॉरमॅटमध्ये नाही."

पण या सगळ्यांत जास्त घातक निघाली ती सेफ्टी. सेफ्टीचा माणूस कमी बोलतो आणि बोलतो तेव्हा झोप उडवतो.

"वेगात असताना उजवीकडे वळायचं असेल तर तुम्ही हँडल कुठे वळवता?"

"उजवीकडे."

"नाही. तुम्ही उजवी मूठ पुढे ढकलता. हँडल क्षणभर डावीकडे जातं, गाडी उजवीकडे कलते, मग वळते. विमानवाल्या विल्बर राइटने सायकल चालवणाऱ्या कितीतरी लोकांना हा प्रश्न विचारून पाहिला होता. त्यांनाही सांगता आलं नव्हतं."

हे ऐकेपर्यंत मला मोटारसायकल चालवता येत होती. त्या संध्याकाळी मी नरोलीकडच्या वळणावर विचार करून वळायला गेलो आणि एका शेताच्या बांधावर जाऊन थांबलो. तिथे गवत कापणाऱ्या बाई म्हणाल्या, "रस्ता तिकडं हाय." तो दिसत होता. तिकडे जायचं कसं, तेवढंच आठवत नव्हतं.

आता हँडलांचे प्रकार. हा भाग मी फार मन लावून अभ्यासला, कारण ऑफिसच्या वेळात अभ्यासला. ड्रॅग बार म्हणजे जवळजवळ सरळ नळी; हा धरला की माणूस तरुण दिसतो आणि उतरताना म्हातारा. बीच बार मागे येतो, रुंद पसरतो. किनाऱ्यावर रमतगमत फिरण्यासाठी तो बनवला असावा, आणि आमच्या हवेलीला समुद्र नाही. बकहॉर्नला हरणाच्या शिंगांचं वळण असतं. आणि मग एप हँगर, ज्याच्या मुठी इतक्या वर असतात की माणूस गाडी चालवत नसून गाडीला लटकलाय असं दिसतं. १९६९च्या 'इझी रायडर' सिनेमात पीटर फोंडाच्या गाडीला उंच हँडल होतं आणि तेव्हापासून जगभरच्या पोटवाल्या पुरुषांना तसं बसावंसं वाटू लागलं. सिनेमाचा शेवट काय होतो ते त्यांच्यापैकी कोणी लक्षात ठेवलेलं दिसत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी मात्र मुठी खांद्याच्या वर जाता कामा नयेत असे कायदे केले. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे: कंपनीच्या मूळ तपशिलात नसलेले बदल गाडीत करायचे नाहीत. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावलं. सेफ्टीने मला ते कलम प्रिंट काढून दिलं आणि वर लिहिलं, "अवलोकनार्थ."

कंपन्यांना माणसाचा हा हळवा कोपरा केव्हाच कळलेला आहे. बजाजने २००१मध्ये कावासाकीच्या नावाने एलिमिनेटर आणली, २००५मध्ये तिची अॅव्हेंजर झाली. दहा वर्षांनी, २०१५ साली, त्यांनी एकाच २२० सीसी इंजिनाच्या दोन अॅव्हेंजर काढल्या. एकीला उंच हँडल आणि चकचकीत क्रोम, ती क्रूझ. दुसरीला आखूड, चपटं हँडल आणि काळा रंग, ती स्ट्रीट. रॉयल एनफील्डनेही २०१८मध्ये थंडरबर्डला सपाट हँडल लावून नावापुढे एक्स जोडला. मी हे पर्चेसला सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, "बघा, नळी चार इंच कमी वापरली आणि नवीन मॉडेल. याला म्हणतात कॉस्ट रिडक्शन."

माणसं मात्र एवढ्यावर ओळख ठरवतात. आमच्या पार्किंगमध्ये उंच हँडलवाले आणि चपट्या हँडलवाले एकमेकांशी बोलतात, पण जेवायला बोलावत नाहीत.

सगळे प्रकार कागदावर कळल्यावर अंगाला कुठला मानवतो ते ठरवायचं होतं. दुकानात बसून बघायची सोय नव्हती, म्हणून घरी प्रयोग केला. सोफ्याच्या हातावर दोन्हीकडे पाय टाकून बसलो. हातात कपडे वाळत घालायची काठी आडवी धरली. मुलगी टेप घेऊन उंची मोजत होती. "बाबा, आता छातीच्या लेव्हलला... आता खांद्याच्या... आता डोळे मिटा आणि खानवेलला चालला आहात असं समजा." मी डोळे मिटून दुधनीपर्यंत जाऊन आलो. घाटातल्या वळणाला अंग कलतं केलं. डोळे उघडले तेव्हा दारात बायको आणि तिच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका उभ्या होत्या.

"बसा ना," मी म्हटलं.

"नको, तुम्ही चालवताय," त्यांतल्या एक म्हणाल्या.

पुढचे कित्येक दिवस जिन्यात त्या बायका भेटल्या की पदर तोंडाला लावत. सासऱ्यांपर्यंत बातमी गेली. ते पुण्याला असतात आणि आमच्या गावाचा इतिहास त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. फोनवर म्हणाले, "जावईबापू, १९५४ साली सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे तिथे पोर्तुगीजांशी लढायला हातात शस्त्रं घेऊन आले होते. तुम्ही काठी घेऊन सोफ्यावर?" याला उत्तर नव्हतं. फडक्यांनी नगर हवेली मुक्त करायला हातभार लावला. मला एक करंगळी मुक्त करायची होती.

मेकॅनिकचं गॅरेज आमलीला. मुलगा खानवेलकडचा, शांत, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत न बघता बोलण्याची त्याची पद्धत. तो म्हणाला, "साहेब, हँडल बदललं म्हणजे फक्त हँडल बदलत नाही."

ही त्याची भूमिका होती. तत्त्वज्ञान वगैरे नव्हे, बिल होतं. क्लचची वायर, एक्सलेटरची वायर, पुढच्या ब्रेकचा पाइप, स्विचमधून आत जाणाऱ्या वायरींचा झुपका, हे सगळं जुन्या उंचीच्या मापाने कापलेलं असतं. हँडल वर नेलं की हे सगळं ताणलं जातं. एक्सलेटरची वायर आखूड पडली तर हँडल पूर्ण वळवताना ती आपोआप ओढली जाते आणि इंजिन स्वतःहून रेस घेतं. म्हणजे आजवर वळणावर माझं पोट रेस देत होतं, आता वायर देणार. शिवाय स्विचच्या आतल्या बाजूला एक छोटी खुंटी असते, ती अडकवायला हँडलच्या पाइपला भोक पाडावं लागतं. "भोक चुकलं तर?" मी विचारलं. "दुसरं पाडायचं," तो म्हणाला. "ते चुकलं तर?" "मग साहेब बासरी."

तरीही मी वापीला जाऊन एप हँगर घेतला. धाकटा एप हँगर, म्हणजे मुठी खांद्याच्या जेमतेम खाली. दुकानदार म्हणाला होता, "तुमच्या पर्सनॅलिटीला हाच जाईल." माझ्या पर्सनॅलिटीचा उल्लेख लग्नानंतर कोणी केला नव्हता. मी भाव केला नाही.

दोन दिवस फार छान गेले. हात वर, छाती पुढे, शर्टाच्या बाह्यांत वारा. सिग्नलला थांबलो की लोक बघायचे. ते कशाकडे बघतात हे आरशात पाहिल्यावर कळलं: उन्हाळ्याचे दिवस, हात वर, आणि दोन्ही काखांत घामाचे नकाशे. त्यानंतर मी सिग्नलला हँडल सोडून हाताची घडी घालू लागलो. मागच्या ट्रकवाल्यांना वाटे, हा इथेच राहणार.

मग पाऊस सुरू झाला. आमच्याकडे पाऊस पडत नाही, ओतला जातो. मधुबन धरणाचे दरवाजे उघडतात आणि दमणगंगा पुलाखालून दोन्ही काठ धरून वाहते. रेनकोट हा माणसाचे हात खाली असतात हे गृहीत धरून शिवलेला असतो. हात खांद्याइतके वर असले की मनगटावर पडलेलं पाणी बाहीत शिरतं, कोपरावरून काखेत येतं, तिथून बरगड्या मोजत कमरेला जातं आणि पँटमध्ये जमा होतं. रेनकोट ते बाहेर पडू देत नाही. मी ऑफिसात पोचलो तेव्हा बाहेरून कोरडा होतो. खुर्चीत बसल्यावर सगळ्यांना कळलं.

याहून मोठा प्रश्न रुंदीचा होता. आमच्या बिल्डिंगला एक मोठं गेट आहे, ते चारचाकीसाठी. आणि शेजारी एक छोटं गेट, दुचाकीसाठी. माझ्या हँडलचा विस्तार छोट्या गेटपेक्षा चार बोटं जास्त. मी सेक्रेटरींना म्हटलं, मोठं गेट उघडत जा.

"ते चारचाकीला आहे."

"पण मला माझ्याच घरी जायचंय. मार्ग मिळणं हा माझा हक्क आहे."

हे बोलताना मला जरा ऐतिहासिक वाटलं. आमच्या प्रदेशाला मार्गाच्या हक्काची मोठी परंपरा आहे. दमणहून दादऱ्याला आणि दादऱ्याहून नगर हवेलीला जायचं तर मधे भारताची जमीन ओलांडावी लागे. १९५४मध्ये भारताने वाट बंद केली म्हणून पोर्तुगालने १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६०ला निकाल लागला: खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा नव्हता. आणि भारताने काही चुकीचं केलं नाही. म्हणजे हक्क आहे, पण ज्यासाठी तो हवाय त्यासाठी नाही. सेक्रेटरी हेगला कधी गेलेले नाहीत, तरी त्यांनी अक्षरशः तोच निकाल दिला.

"तुम्ही या, भाजी आणा, गाडीसुद्धा आणा. हँडल नको."

एप हँगर परत करायचं ठरलं. मेकॅनिकने जुनं हँडल पुन्हा चढवलं, वायरी पुन्हा बदलल्या, त्याचे पुन्हा पैसे घेतले. एप हँगर मी वर्तमानपत्रात गुंडाळला, वर सुतळी बांधली आणि मागच्या सीटवर आडवा टाकून वापीला निघालो.

सिल्वासाहून वापीला जाताना माणूस केंद्रशासित प्रदेशातून गुजरातेत शिरतो, गुजरातेतून दादऱ्यात, म्हणजे पुन्हा केंद्रशासित प्रदेशात, आणि दादऱ्यातून परत गुजरातेत. हे सगळं चहा गार व्हायच्या आत होतं. गुजरातेत दारूबंदी आहे, आमच्याकडे नाही. तेव्हा आमच्याकडून तिकडे जाणारी, कागदात गुंडाळलेली, लांबट वस्तू नाक्यावरच्या हवालदाराला दिसली तर त्याने ती थांबवणं हे त्याचं कर्तव्यच.

"आ शुं छे?"

"हँडल."

"शेनुं?"

"मोटारसायकलनुं."

त्याने माझ्या मोटारसायकलकडे पाहिलं. तिला हँडल होतं. त्याचा चेहरा उजळला. खोटं पकडल्याचा आनंद कुठल्याही राज्यात सारखाच.

"तो आ शुं छे?"

"ए पण हँडल."

"एक गाडी, बे हँडल?"

कागद सोडला गेला. हँडल हातात घेऊन त्याने हलवून पाहिलं, बोटाने वाजवलं. पोकळ. मग एका टोकाला डोळा लावला. दुसऱ्या टोकाला नाक लावलं. तेवढ्यात माझ्या मागे थांबलेल्या एका रिक्षातून सूचना आली की मधल्या वाकात अडकलेली असेल, उलटी करा. उलटी केली. आतून मेकॅनिकने पाडलेल्या भोकाचा लोखंडी चुरा पडला. हवालदाराने तो चिमटीत धरून पाहिला. शेवटी मला सोडताना त्याने जो प्रश्न विचारला त्यात कायदा नव्हता, काळजी होती. "काका, आटलु ऊंचु शुं काम?" इतकं उंच कशाला? एवढ्या साध्या शब्दांत हा प्रश्न तोपर्यंत मला कोणी विचारला नव्हता.

ही हकीकत टपरीवर सांगितली तर मेंटेनन्सने पेन काढलं. आतला व्यास अठरा मिलिमीटर, वाकांसकट नळीची लांबी दीड मीटर, म्हणजे तीनशे ऐंशी मिलिलिटर. "दोन क्वार्टर आणि वर एक घोट," तो म्हणाला आणि बराच वेळ गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याची मला भीती वाटली.

वापीच्या दुकानदाराने हँडल परत घेतलं, पैसे परत दिले नाहीत. "बदल्यात दुसरा माल घ्या." तक्रार करण्यात अर्थ नव्हता, पैशांऐवजी माल हा या प्रदेशाचा पायाच आहे. १७७२मध्ये मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचं 'सांताना' नावाचं जहाज धरलं. ते म्हणाले, भरपाई द्या. पेशव्यांनी रोख रक्कम मोजली नाही. १७७९च्या तहात बारा हजार रुपये वसुलीची गावं तोडून द्यायचं ठरलं आणि १७८३मध्ये नगर हवेली त्यांच्या हवाली झाली. जहाजाच्या बदल्यात परगणा! मला एप हँगरच्या बदल्यात ड्रॅग बार मिळाला आणि वर दोन रबरी मुठी. पेशव्यांच्या मानाने दुकानदाराने घासाघीस चांगली केली.

ड्रॅग बारबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तो धरायला पुढे वाकावं लागलं आणि मधे टाकी येण्याआधी पोट आलं. मेकॅनिककडे परत गेलो, या वेळी बायकोला घेऊन.

"या मागल्या खोलीत बघा," तो म्हणाला. आत हँडलांचा ढीग होता. उंच, बुटकी, शिंगं फुटलेली, गंजलेली, चकचकीत. प्रत्येक कोणीतरी "हात दुखतात" म्हणून काढून दिलेलं आणि पुढचा कोणीतरी "हात दुखतात" म्हणून घेऊन जाणार असलेलं. तो म्हणाला, नवीन हँडल तो क्वचितच विकतो. गावातलीच फिरत राहतात. ज्याला उंच नको होतं त्याचं उंच ज्याला हवं होतं त्याच्याकडे, त्याचं बुटकं तिसऱ्याकडे. थोडं पॉलिश, नव्या मुठी, की झालं. मला अकाउंट्सचा माणूस म्हणून फार समाधान वाटलं. वर्षानुवर्षं ताळेबंद जुळतोय, शिल्लक तेवढीच, फक्त खातेदार बदलताहेत.

"फायनल कोण करणार?" त्याने विचारलं.

१९६१मध्ये दादरा आणि नगर हवेली भारतात विलीन व्हायची होती तेव्हा करारावर इथल्या बाजूने सही करायला कोणीतरी हवं होतं. म्हणून बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं इथलं पंतप्रधान करण्यात आलं आणि त्यांनी थेट नेहरूंबरोबर सही केली. मीही सर्वाधिकार बायकोकडे सोपवले. तिने ते एका दिवसापुरते आहेत असं मानलं नाही.

ढिगातून तिने एक मधल्या उंचीचं, जरासं मागे वळलेलं हँडल पायाने पुढे ढकललं. "हे लावा."

"का पण? व्यास पाहिलास का? रुंदी?"

"मी मागे बसते. मला तुमची पाठच दिसते. ती या हँडलने सरळ राहील असं वाटतंय. आणि छोट्या गेटातून जाईल."

तासाभरात ते लागलं. बसून पाहिलं तर मनगट अजून थोडं मुडपत होतं. मेकॅनिकने पान्याने क्लॅम्पचे चार बोल्ट सैल केले, हँडल जागच्या जागी बोटभर मागे फिरवलं, बोल्ट आवळले. मनगट सरळ. यू-टर्न घेऊन पाहिला. डावी मूठ हातात, उजवी पोटाबाहेर.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. "पहिलं हँडल असंच बोटभर मागे फिरवलं असतं तर?"

"चाललं असतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"साहेब, तुम्ही हँडल बदलायला आला होतात. फिरवायला आला असतात तर फिरवून दिलं असतं."

बिल्डिंगमध्ये निकाल चांगला लागला. क्वालिटीने मोजून ते बावीसचंच असल्याचं जाहीर केलं आणि हे आपण आधीच सांगितल्याची आठवण दिली. मेंटेनन्सला वाक आवडला. त्याच्या मशीनवर याहून चांगला आला असता. सेफ्टीने मुठी खांद्याच्या खाली असल्याची नोंद घेतली. पर्चेसला भाव कळल्यावर त्यांनी तक्ता बंद केला आणि वर लाल अक्षरांत लिहिलं, "वाटाघाटी झाल्या नाहीत."

मागच्या आठवड्यात सिग्नलला एक पोरगा शेजारी येऊन थांबला. त्याच्या गाडीला माझा ड्रॅग बार होता. त्यावरच्या दुकानदाराने दिलेल्या मुठी मी लांबूनही ओळखल्या असत्या. पोरगा पार पुढे वाकलेला, मान वर करून माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे म्हणजे माझ्या हँडलकडे. ते त्याचंच होतं. मेकॅनिकने मला नाव सांगितलं नव्हतं, पण त्याच्या टाकीवरचा वाघाचा स्टिकर सांगितला होता, आणि वाघ समोर होता. पॉलिश झाल्यामुळे त्याला मात्र ते ओळखू येत नव्हतं.

"काका, हँडल मस्त आहे. कुठलं?"

"इथलंच."

"पुढे वाकून वाकून माझी कंबर गेली. असंच घ्यावं म्हणतो. कितीला पडलं?"

मी आकडा सांगितला. त्याने जीभ चावली.

"तुम्हाला गंडवलं, काका. ह्याच्यात काही दम नाही."

सिग्नल सुटला.